चिप्सचे पाकीट, चष्म्याची फ्रेम आणि चाळिशी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त येडगाव येथे भरलेल्या देणगीदार व रुग्ण-नातेवाईक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



विश्वस्तांनी मला आज बोलण्यासाठी जो विषय दिला आहे तो रुग्णालयाच्या व्यासपीठावर सहसा ऐकू येत नाही. विषय आहे, प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून तयार होणारे चष्मे. तो देण्यामागे कारण आहे. आपल्यापैकी काही देणगीदारांनी चष्मा विभागात येऊन दोन प्रश्न विचारले. मोफत चष्म्यांसाठी अशा पुनर्वापरातील प्लॅस्टिकच्या फ्रेम घ्याव्यात का, हा पहिला. घरोघरी खणांत पडून असलेले जुने चष्मे गोळा करून गरजूंना वाटावेत का, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांमागील भावना एकच आणि निर्मळ आहे. उत्तरे मात्र भिन्न आहेत. दुसरे उत्तर काहींना रुचणार नाही, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आधी कचऱ्याविषयी. आपल्या जुन्नर-आंबेगाव परिसरातील शेतकऱ्याला प्लॅस्टिक कोणी शिकवायला नको. कुकडीचे पाणी आले, टोमॅटो आला, द्राक्षे आली, त्यांच्यामागे ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर आला. यातील एक गोष्ट आपण सर्वजण जाणतो. ठिबकची जुनी नळी भंगारवाला दारात येऊन वजन करून घेऊन जातो. हंगाम संपल्यावर निघालेला, मातीने माखलेला, फाटका मल्चिंग पेपर मात्र तो हातात धरत नाही. नळीही प्लॅस्टिकच आणि पेपरही प्लॅस्टिकच. मग हा भेद कशाचा? वजनाचा आणि स्वच्छतेचा. नळी जड, एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची आणि सहज धुता येणारी. पेपर अतिशय पातळ, त्याच्या वजनात निम्मी माती. भंगाराचा सारा व्यवहार या एका नियमावर चालतो, आणि तो नियम समजला की पुढचे सारे समजते.

आता चिप्सचे किंवा वेफर्सचे पाकीट घ्या. कालव्याच्या कडेने चालणाऱ्याच्या पायात ते येतेच. त्याचे वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम. म्हणजे एक किलो भरण्यासाठी अडीचशे-तीनशे पाकिटे वेचावी लागतील. एवढे वाकून हाती काय येणार? कारण पाकीट दिसते एकसंध, पण असते थराथरांचे: बाहेर छपाईचा थर, आत चांदीसारखी चमक देणारा ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा, त्याखाली उष्णतेने चिकटून पाकीट बंद करणारा आणखी एक थर. हवा आणि ओल रोखण्यासाठी हे थर एकमेकांना असे घट्ट जोडलेले असतात की नेहमीच्या कारखान्यात ते वेगळे होत नाहीत. म्हणून भंगारात त्याला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून कोणी ते उचलत नाही.

कायद्यानेही या पाकिटाला पुष्कळ सवलत दिली आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करावे असे म्हटले होते. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही, अशापुरतीच ती अट राहिली. सिमेंटच्या भट्टीत जाळता येते एवढ्यावर पाकीट सुटले. त्याच वर्षी महाराष्ट्रात पिशव्यांवर बंदी आली, २०२२ च्या जुलैपासून देशभर काही एकदाच वापराच्या वस्तूंवर बंदी आली. पाकीट दोन्ही वेळा बाहेरच राहिले.

या पार्श्वभूमीवर पुण्यात जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. अनिश मालपाणी हे तरुण उद्योजक अमेरिकेतील वित्तक्षेत्रातील नोकरी सोडून भारतात आले आणि त्यांनी पुण्यात 'अशाया' नावाचा उद्योग उभा केला. नेमके हेच, कोणी न उचलणारे बहुस्तरीय पाकीट त्यांनी हाती घेतले. त्याचे थर सोडवून उपयुक्त द्रव्य वेगळे काढण्याची प्रक्रिया प्रयोगशाळेत बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या द्रव्यापासून तयार केलेला उन्हाचा चष्मा 'विदाउट' या नावाने बाजारात आला. एका चष्म्यामागे चिप्सची पाच पाकिटे, असा त्यांचा हिशेब. कचरा वेचणाऱ्यांना त्यांनी कारखान्यात कामावर घेतले आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला साहाय्य जोडले.

चष्माच का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. बादली का नाही, कुंडी का नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर पुन्हा वजनातच आहे. थर सोडवण्याची प्रक्रिया खर्चिक. तो खर्च बादलीच्या किमतीत बसणार नाही, कारण बादलीला प्लॅस्टिक पुष्कळ लागते आणि तिला पैसे थोडे मिळतात. चष्म्याची फ्रेम भरते वीस-पंचवीस ग्रॅम आणि विकली जाते शेकड्यांत, कधी हजारांत. थोड्या द्रव्याला मोठी किंमत देणारी अशी वस्तू घरात दुसरी शोधून सापडणे कठीण.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०१९-२० या एका वर्षात देशात सुमारे ३४ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. वीस ग्रॅमची एक फ्रेम धरली, तर एक कोटी चष्मे तयार करूनही २०० टन प्लॅस्टिक खर्ची पडते. तेव्हा चष्म्यांमुळे कचऱ्याचा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणाले, तर त्यांना हा गुणाकार दाखवावा. ज्याला कोणी हात लावत नव्हते त्या पाकिटातूनही टिकाऊ वस्तू होते आणि ते वेचणाऱ्याला मजुरी मिळू शकते, एवढे पुण्यातील प्रयोगाने दाखवले. हे काम लहान नाही. मात्र ते जेवढे आहे तेवढेच सांगावे.

येथे मला आपले लक्ष पाकिटावरून पाकीट उचलणाऱ्या हाताकडे न्यावयाचे आहे, कारण माझा मूळ मुद्दा तेथे आहे.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या परिश्रमाने कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या पुढचे आहे.

कचऱ्याची वर्गवारी हे डोळ्यांचे काम आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कोणते प्लॅस्टिक कोणत्या ढिगात जाईल ते ठरवताना पारदर्शकता पाहावी लागते, शिवण पाहावी लागते, बाटलीच्या बुडाशी उठवलेला त्रिकोणातला बारीक आकडा वाचावा लागतो. अनुभवी बाई बोटांच्या स्पर्शाने आणि चुरगाळल्यावर येणाऱ्या आवाजाने पुष्कळ ओळखते, हे खरे. पण ढिगात काच असते, सुई असते. आणि चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते ते कोणालाही चुकत नाही. आपल्या मराठीने तर या गोष्टीची फार पूर्वीच नोंद करून ठेवली आहे. आपण त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो.

तेव्हा असे चित्र उभे राहते, की चष्म्यासाठी लागणारे प्लॅस्टिक निवडून देणाऱ्या बाईला स्वतःलाच चष्म्याची गरज असते, आणि तो तिच्याकडे असतोच असे नाही. पुण्याला नावे ठेवण्यासाठी मी हे म्हणत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची प्रतवारी करणारे हात, द्राक्षांच्या घडातील बारीक मणी कात्रीने काढणाऱ्या बायका, तांदळातील खडे वेचणारी, शिवणयंत्रावर दोरा ओवणारी, औषधाच्या बाटलीवरील प्रमाण वाचून फवारणी करणारा शेतकरी, या सर्वांचे काम हातभर अंतरावरचे आहे. त्यांना दूरचा डोंगर स्वच्छ दिसतो, म्हणून आपले डोळे चांगले आहेत अशी त्यांची समजूत असते. दिसत नाही ते हातातले. तक्रार घेऊन ते दवाखान्यात येत नाहीत; 'वय झाले' म्हणतात आणि काम हळू करतात किंवा सोडून देतात.

या हळू होण्याची किंमत किती, हे आसामात मोजले गेले आहे. तेथील चहाच्या मळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ कामगारांवर एक शास्त्रशुद्ध पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना पाहणी संपल्यानंतर. हंगाम चढता असल्याने पानांची खुडणी दोन्ही गटांत वाढली. चष्मा नसलेल्यांची सुमारे १८ टक्क्यांनी, चष्मा असलेल्यांची सुमारे ३९ टक्क्यांनी. पुढे बांगलादेशात अशाच प्रकारे केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळले. एवढा फरक करणारी वस्तू म्हणजे दोन भिंगे आणि एक फ्रेम! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात ८२ कोटींहून अधिक माणसे केवळ हा जवळचा चष्मा नसल्यामुळे जवळचे नीट पाहू शकत नाहीत.

आता देणगीदारांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो अधिक नाजूक आहे. जुने चष्मे गोळा करून वाटावेत का?

प्रत्येक घरात वडिलांचा, आजोबांचा चष्मा जपून ठेवलेला असतो. तो कोणाच्या तरी उपयोगी पडावा ही इच्छा मी समजू शकतो. परंतु चष्मा म्हणजे धोतर किंवा घोंगडी नव्हे, की ज्याला थंडी वाजते त्याला ती चालावी. त्या काचेत एका विशिष्ट माणसाच्या उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा निराळा नंबर, तिरक्या नंबराचा कोन आणि दोन बाहुल्यांमधील अंतर कायमचे कोरलेले असते. हे सारे जुळणारा दुसरा माणूस मिळणे हा योगायोग. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी देणगीदाखल आलेल्या जुन्या चष्म्यांची तपासणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: शंभरांतील अवघे सात चष्मे वापरण्याजोगे होते. गोळा करणे, धुणे, नंबर मोजणे, पाठवणे हा सारा खर्च त्या सातांवर वाटला, तर नवा तयार चष्मा देण्याच्या जवळपास दुप्पट खर्च येत होता.

न जुळणारा चष्मा घेतलेली व्यक्ती घरी जाते, डोके दुखते, चक्कर येते, आणि ती चष्मा कोनाड्यात ठेवते. यापुढे तिला 'डोळे तपासून घ्या' म्हणणाऱ्या माणसावर तिचा विश्वास राहत नाही, हे नुकसान आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे. म्हणून माझी नम्र विनंती आहे, की चष्म्यांची पेटी आमच्याकडे पाठवू नये. एका नव्या जवळच्या चष्म्याचे पैसे पाठवावेत. बहुतेकांना ते जुना चष्मा पोस्टाने पाठवण्यापेक्षा फार जास्त वाटणार नाहीत.

जुन्या चष्म्याचे प्लॅस्टिक तरी वितळवता येईल ना, असे कोणी विचारील. फ्रेमचे, पुष्कळदा होय. काचेचे, पुष्कळदा नाही. आपण ज्याला सवयीने 'काच' म्हणतो ती आज बहुधा प्लॅस्टिकचीच असते, पण प्लॅस्टिकच्या दोन जाती आहेत. एक मेणासारखी: तापवली की वितळते, निवली की पुन्हा घट्ट होते. दुसरी विटेसारखी: एकदा भाजली की तिची पुन्हा माती होत नाही. नंबरच्या नेहमीच्या हलक्या काचा या दुसऱ्या जातीच्या असतात. पॉलिकार्बोनेटच्या काचा तेवढ्या पहिल्या जातीच्या. म्हणून पुनर्वापराच्या चष्म्याविषयी कोणीही बोलू लागले, की ते फ्रेमविषयी बोलत आहेत की काचेविषयी, हे आपण अवश्य विचारावे.

फ्रेमलाही मर्यादा आहे. मेणजातीचे प्लॅस्टिक प्रत्येक वेळी तापवताना त्याच्या आतल्या लांब साखळ्या थोड्याथोड्या तुटतात आणि ते ठिसूळ होत जाते. ठिसूळ फ्रेम बिजागरीपाशी तुटते. शहरातील माणूस दुसरी घेतो. येथील माणूस काडीला दोरा बांधतो, मग चष्मा नाकावर तिरका बसतो आणि नंबर बरोबर असूनही दिसणे बिघडते. तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: पुनर्वापरातील प्लॅस्टिकची फ्रेम अवश्य घ्यावी, पण ती नव्या फ्रेमइतकीच वाकवून, पाडून, घामात भिजवून पारखल्यावर. गरिबाच्या नाकावर प्रयोग नको. आणि तिची किंमत साध्या फ्रेमपेक्षा अधिक असेल, तर तो वरचा पैसा पर्यावरणासाठी म्हणून वेगळा मागावा. चष्म्यांच्या निधीतून तो काढू नये. तसे केले, तर दहा माणसांच्या पैशांत आठांनाच चष्मा मिळेल.

एक जागा मात्र अशी आहे जेथे ही फ्रेम आजही शोभेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काळा चष्मा देतात. त्यात नंबर नसतो, तो काही आठवडे वापरायचा असतो, आणि नंतर तो कोठे जातो हे आपण गोठ्याच्या खुंटीवर पाहिलेच असेल. शस्त्रक्रिया झालेल्या माणसांइतकेच हे चष्मे, आणि सारे नव्या प्लॅस्टिकचे. हा चष्मा कचऱ्यातील प्लॅस्टिकपासून करता येईल. वितळवण्याचे तापमान दोनशे अंशांच्या वर जात असल्याने त्या द्रव्यात जंतू जिवंत राहण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. अट एकच: त्याची काच अतिनील किरणे अडवणारी असावी. नुसता काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. काळोखात बाहुली उघडते, आणि काच किरणे अडवत नसेल तर ती आत जायला वाट मोठी होते. असा चष्मा चांगला निघाला, तर रुग्णाने तो खुंटीला न लावता उन्हात, शेतात वापरावा. बुबुळाकडे सरकणारी मांसवाढ आणि मोतीबिंदू या दोहोंशीही उन्हाचा संबंध आहे.

आमच्या स्वतःच्या विभागाविषयीही थोडे बोलले पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवल्यासारखे होईल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या फ्रेममध्ये एक बिननंबरी दाखवायची काच बसवलेली असते. नंबरची काच बसवताना ती काढून टाकतात. स्वच्छ, एका जातीची, मेणजातीतली, आणि रोज हमखास जमा होणारी. भंगारवाल्याच्या नियमाप्रमाणे याहून उत्तम कचरा नाही, आणि तो सर्वत्र केराच्या टोपलीत जातो. नंबरची काच येते ती सत्तर मिलिमीटरच्या आसपास व्यासाची गोल चकती. ती फ्रेमच्या आकारात घासताना जवळपास निम्मी भुकटी होऊन पाण्याबरोबर गटारात जाते. ती विटेच्या जातीची, तिचे पुढे काही होत नाही. पण गटारात न जाऊ देता कापडी गाळणीत अडवता येते. यासाठी परदेशातून यंत्र आणण्याचे कारण नाही.

विश्वस्तांकडे मी जी मागणी लेखी दिली आहे ती आपल्यालाही सांगतो. भंगार आणि कचरा वेचणारी, निवडणारी जी माणसे नारायणगाव, जुन्नर, मंचर, ओतूर या बाजारगावांत आहेत, त्यांच्यासाठी तपासणीचा एक दिवस वेगळा ठेवावा. तो सकाळी ठेवू नये, कारण सकाळी ती कामावर असतात. दुपारी चारनंतर ठेवावा. तेथे जवळची दृष्टी तपासावी, चष्मा त्याच दिवशी हातात द्यावा, आणि मोतीबिंदू आढळल्यास शस्त्रक्रियेची तारीखही तेथेच द्यावी. रुग्णांच्या नातेवाइकांपैकी ज्यांच्या दारी भंगारवाला येतो, त्यांनी त्याला हा निरोप पोहोचवला तर पत्रके छापण्याचा खर्च वाचेल.

तारीख निश्चित झाल्यावर ती बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर लिहिली जाईल.